एका वेळी एकच कप

टोणपेजींच्या स्वयंपाकघरात मी आयुष्यात एकदाच चहा केला, आणि तो कोणालाही पिता आला नाही. चमच्याने खावा लागला.

रविवारची सकाळ होती. बाहेरच्या खोलीत टोणपेजींच्या मिलमधले चार जुने कामगार बसले होते आणि शेजारधर्म म्हणून मी. टोणपेजी आत चहा करत होते. म्हणजे एक कप चहा करत होते. त्यांची पद्धतच ती. काचेचा एक बीकर होता, त्यावर लाल रंगाने ‘चाय’ असं लिहिलेलं. त्यात एक कप पाणी, एकाच माणसाच्या जिभेला मानवेल एवढी पत्ती, त्याला लागेल तेवढी साखर. उकळायचं, गाळायचं, बाहेर आणून त्या माणसाच्या हातात द्यायचं, आत जाऊन बीकर घासायचा आणि पुढच्या माणसाचा चहा ठेवायचा. शेवटच्याचा कप येईपर्यंत पहिल्याच्या कपात तळाशी पत्ती वाळलेली असे.

त्या दिवशी कासिमभाईंची पाळी आली आणि आलं संपलेलं निघालं. कासिमभाईंच्या चहात आलं नाही म्हणजे टोणपेजींच्या हिशेबाने तो चहाच नव्हे. पायात चपला सरकवून ते बड़ा गणपतीच्या देवळाच्या बाजूला भाजीवालीकडे निघाले. मी म्हटलं, बिचारा एकटा माणूस, किती खटाटोप करतो! आत गेलो, मोठं पातेलं काढलं, सगळ्यांपुरतं पाणी ओतलं, पत्ती मूठभर, साखर अंदाजाने. दुधाचा शोध घेतला तर ओट्याच्या कोपऱ्यात झाकलेलं एक गंज, म्हणजे उभट पातेलं. पांढरंशुभ्र. जरा दाट वाटलं, पण म्हटलं, सांवेर गावाकडच्या म्हशीचं असेल. ओतलं सगळं.

चहा उकळला नाही. पिठल्यासारखा फदफदला.

आता मागे कसं फिरणार? कपांत भरून बाहेर नेला. रामलालजी हे त्या चौघांत वडीलधारे. त्यांनी कप तोंडाशी नेला, तिरका केला, आणखी तिरका केला. काही आलं नाही. मग फार अदबीने म्हणाले, “भाईसाब, चम्मच मिलेगा क्या?”

टोणपेजी आलं घेऊन परत आले. त्यांनी पातेल्यात पाहिलं. मग रिकाम्या गंजात पाहिलं. मला वाटलं, आता माणूस भडकणार. त्यांनी माझ्या चहाचा एक थेंब, म्हणजे गोळा, दोन बोटांत घेऊन चोळला आणि डोळे मिटून म्हणाले, “उकळूनही फुटलं नाही. वा!” आणि मग डोळे उघडून, “पण भिया, आख्ख्या हफ्त्याचा माल होता तो.”

“माल? दूध नव्हतं?”

“दूध कुठलं? सोयाबीनची टरफलं होती.”

मी पोटावर हात ठेवला. ते म्हणाले, “घाबरू नका. धुऊन धुऊन साफ केलेली आहेत. गाय खाते ना? तुम्ही चार चमचे खाल्लेत तर काय झालं?”

तर असे आमचे शेजारी टोणपेजी. मिलच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते, म्हणून कामगार त्यांना लॅबसाब म्हणत. उंच, वाकलेले, शर्टाच्या खिशात कायम एक काचेची कांडी. त्यांचे आजोबा होळकरी अमलात कारकून म्हणून इंदूरला आले, माझेही तसेच आले. पण माझ्या आजोबांपासून माझ्यापर्यंत घराण्याने कारकुनीच्या पलीकडे पाऊल टाकलं नाही. मी वीज कचेरीत होतो. टोणपेजी बीएस्सी होऊन मिलमध्ये लागले आणि सायझिंग खात्याला जोडले गेले. सायझिंग म्हणजे सुताला कांजी लावणं. कोरं सूत मागावर चढवलं तर घासून तुटतं. त्याला आधी कांजी पाजावी लागते. चांगली कांजी म्हणजे चांगला कपडा, एवढं मला त्यांच्याकडून समजलं होतं. त्यापुढचं समजावताना ते खिशातली कांडी काढत आणि मी घड्याळ बघत असे.

मग मिल बंद पडली. त्या वर्षांत इंदुरात एकेक भोंगा गप्प होत होता आणि पेपरांत मात्र रोज छापून येत होतं की देशाचे दरवाजे उघडले. टोणपेजी पेपर घडी करून म्हणत, “दिल्लीवाल्यांनी बीकरमध्ये करून बघितलं असेल हो. आता एकदम ड्रममध्ये ओतलंय. बघू या, तळाला लागतं का.”

हा त्यांचा लाडका विषय होता. जगातल्या प्रत्येक गोष्टीला ते एकच प्रश्न विचारत. थोडक्यात जमलं ते ढिगात जमेल का? माझ्या पुतण्याच्या मुंजीत आचारी पोहे वाफवत होता, त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. “भिया, एक किलो का बनाते हो तब भी ऐसाच बनता है?” आचाऱ्याने त्यांना घरचं कोणी वडीलधारं समजून ऐकून घेतलं, मग झारा दाखवून हाकललं. लालबागेच्या मैदानावर जत्रा भरली तेव्हा ते बुढ्ढी के बाल करणाऱ्याच्या गाड्यापुढे अर्धा दिवस उभे. फिरत्या चाकातून साखरेचे केसाहून बारीक तंतू उडताना बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. शेवटी त्याला म्हणाले, “इससे दस गुना बड़ा चक्का लगाओगे तो?” तो म्हणाला, “बाबूजी, लेना है तो लो, पीछे बच्चे खड़े हैं.” टोणपेजींनी हाताला मावतील तेवढे गुलाबी पुडे घेतले आणि येताना आमच्या आळीतल्या पोरांत वाटून टाकले.

लग्न केलं नव्हतं. कारण विचारलं तर म्हणत, “एकाचं बरं चाललं होतं. दोघांचं स्केल-अप करायची हिंमत झाली नाही.” लोक हसत. तेही हसत.

पण सोयाबीनच्या टरफलांवर ते हसत नसत.

मिल चालू असतानाच त्यांना लागलेलं वेड होतं ते. सांवेरकडून सोयाबीन येतं, तेलवाले तेल काढतात, पेंड विकतात, टरफलं उरतात. टोणपेजींनी ती शिजवली, धुतली, पांढरी केली आणि पाण्यात घालून मिक्सरमध्ये वाटत राहिले. वाटून वाटून त्यातले धागे इतके उसवले की डोळ्यांना दिसेनासे झाले आणि पाणी घट्ट होऊन थरथरायला लागलं. तीच माझ्या चहातली साय. “हे बारीकातलं बारीक आहे,” ते सांगत, “सुताच्या अंगावर असं बसतं, जशी काही त्याचीच कातडी.” आता माझा भाचा सांगतो की याला नॅनोसेल्युलोज म्हणतात आणि परदेशात त्याचे कारखाने आहेत. त्या वेळी आमच्या आळीत त्याला ‘टोणपेजींचा खरवस’ म्हणत.

बीकरमध्ये तो खरवस उत्तम होई. बादलीत बरा होई. आणि ड्रममध्ये होतच नसे.

तो ड्रम त्यांनी भंगारातून आणून अंगणात बसवला होता. वर मोटार, आत पातं. मोटार सुरू झाली की आमच्या घरातल्या ताटल्या मांडणीत नाचत. दिवसभर फिरवून ते ड्रममध्ये हात घालत. पात्याजवळ लोण्यासारखं, कडेला तसंच ढिम्म, तळाला गाठी. पाणी वाढवलं तर सगळं फिरे, पण एकमेकांवर घासलंच जात नसे. ते बोटं चोळत आणि म्हणत, “दाणा लागतोय.” एवढं म्हणून मोटार बंद करत. आळी सुटकेचा श्वास टाकी आणि ते जरा वेळ ड्रमची कड धरून उभे राहत.

रविवारी ते चौघे येत, त्याचं कारण हा ड्रम. सायझिंग खात्यातली ही जुनी माणसं. मिल गेल्यापासून कोणी फाटकाबाहेर सेंव विकत होतं, कोणी जावयाच्या दुकानावर बसत होतं. आले की रामलालजी विचारत, “साब, जमा क्या?” टोणपेजी म्हणत, “जमेल.” आणि आत जाऊन बीकर ठेवत. ड्रममध्ये खरवस जमला तर सांवेर रोडवरच्या एका छोट्या कारखान्यात त्याची कांजी जाणार होती, आणि कांजी लावायला हे चौघे. त्यांच्या हाताला परत काम, एवढाच त्या सगळ्या खटपटीचा अर्थ होता. टोणपेजी तसं बोलत नसत, पण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या कारखान्याचे सेठ ट्रायल घ्यायला तयार झाले. ड्रमभर माल घेऊन या म्हणाले. दिवस ठरला. आणि अंगणातल्या ड्रमने ऐन वेळी हात टेकले. पातं वाकलं, मोटार जळाली. टोणपेजी पायरीवर बसून राहिले.

तेव्हा कुंदा, म्हणजे आमची सौ., भिंतीवरून म्हणाली, “अहो टोणपेजी, मिक्सरमध्ये होतं ना छान? मग आळीत काय मिक्सर कमी आहेत?”

“पण वहिनी, ते स्केल नाही झालं.”

“ट्रायलपुरतं तर होऊ द्या. पुढचं पुढे.”

रामलालजी म्हणाले, “भाभीजी सही बोल रही हैं, साब.” टोणपेजींनी मान हलवली. होकाराची होती की नकाराची ते आम्ही नीट पाहिलं नाही. आम्हाला होकारच हवा होता.

मग आळीत जे झालं ते मी विसरणं शक्य नाही. दुपारची जेवणं उरकली की घराघरांतून मिक्सर घुरघुरायला लागत. पंखे मंदावत, दिवे पिवळे पडत आणि लोक संध्याकाळी मलाच पकडत, “भिया, तुम्हारे महकमे में क्या चल रहा है?” माझ्याच घरातून ते चाललं होतं, हे मी कोणत्या तोंडाने सांगणार? बायका पातेली घेऊन टोणपेजींकडे रांग लावत. ते प्रत्येकीचा माल बोटांत चोळून बघत. कुंदाचा सगळ्यांत बारीक निघाला. त्या गोष्टीचा तिला आमच्या मुलीच्या फर्स्ट क्लासपेक्षा जास्त अभिमान आहे. जोशीवहिनींच्या पातेल्याला लसणाच्या चटणीचा वास होता. टोणपेजी म्हणाले, “चालेल. सुताला नाक नसतं.” एकेक पातेलं करून ड्रम भरला.

ट्रायलच्या दिवशी मी रजा टाकून टेम्पोत बसलो. चौघे धुतलेले कपडे घालून आले होते. रामलालजींनी तर टोपी घातली होती. कारखान्यात शिरल्याबरोबर ते आपापल्या जागी अशा सहजपणे जाऊन उभे राहिले, जसे कालच पाळी संपवून घरी गेले होते. सुताचे धागे कांजीच्या हौदातून बाहेर आले, तापल्या रुळांवरून वाळत गेले. कासिमभाई हाताच्या पाठीने धाग्यांना स्पर्श करत उभे होते आणि गुणगुणत होते. मग सूत मागावर चढलं. माग चालला. चालतच राहिला. धागा तुटला म्हणून थांबणं नाही, काही नाही. सेठ खुर्चीवरून उठले, कपडा हातात घेतला, उजेडात धरला.

“वाह टोणपेजी! कल से चालू करो. रोज का ड्रम चाहिए मुझे. और ये चारों आदमी मेरे.”

रामलालजींनी टोपी काढून परत घातली. मी हात पुढे केला, टोणपेजींचं अभिनंदन करायला. टोणपेजी माझ्या हाताकडे बघत नव्हते. ते त्या चौघांकडे बघत होते.

“सेठजी,” ते म्हणाले, “ये ड्रम में नहीं बना है.”

मी त्यांचा शर्ट मागून ओढला. त्यांनी तो सोडवून घेतला.

“मतलब?”

“मोहल्ले में बना है. घर-घर के मिक्सर में. थोड़ा-थोड़ा. ड्रम में डाला है, बस. रोज का ड्रम मैं नहीं दे पाऊँगा. अभी तो नहीं.”

सेठ आधी हसले. मग हसायचे थांबले. कपडा घडी करून खुर्चीवर ठेवला. “आप नहीं बोलते तो मुझे तो महीने भर बाद पता चलता.”

“महीने भर बाद इनको भी पता चलता,” टोणपेजी म्हणाले. “इन्होंने एक बार गेट पर ताला देखा है. दूसरी बार मेरे हाथ से नहीं.”

सेठ तसे वाईट नव्हते. “ड्रम में बने तब आना,” एवढंच म्हणाले आणि सगळ्यांसाठी चाय मागवली. ती कोणी धड प्यायली नाही.

येताना रिकामा ड्रम टेम्पोत या बाजूचा त्या बाजूला गडगडत होता. कोणी त्याला धरत नव्हतं. रामलालजी म्हणाले, “माल एक नंबर था, साब.” कासिमभाई रस्त्याकडे बघत म्हणाले, “एक महीना तो मिल जाता.” टोणपेजींनी खिशातली काचेची कांडी काढली, पुसली, परत ठेवली. घरी येऊन मी कुंदाला सगळं सांगितलं आणि म्हटलं, “खरं बोलायला काही वेळकाळ असते की नाही?” तिने मिक्सरचं भांडं पुसून वरच्या फळीवर ठेवून दिलं.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम टोणपेजींकडे गेलो. कप धुऊन, पुसून ओळीने मांडलेले. आलं, लवंग, तुळशीची पानं, साखरेचा डबा, सगळं हाताशी. टोणपेजी ओट्याला टेकून उभे होते, दाराकडे कान. आता त्या चौघांनी यायचं काही कारण उरलं नव्हतं. ड्रमला गंज धरायला लागला होता. “जमा क्या?” असं विचारण्यासारखं कोणापाशी काही नव्हतं.

रस्त्यावर सायकलची घंटा वाजली की टोणपेजी काडेपेटी उचलत. सायकल पुढे गेली की खाली ठेवत.

मग रामलालजी आले. मागून दोघे. त्यांनी नेहमीसारख्या चपला बाहेर काढल्या, नेहमीच्या जागी बसले आणि ड्रमविषयी कोणी अवाक्षर काढलं नाही. टोणपेजींनी बीकर ठेवला नाही. ते तसेच उभे. बऱ्याच वेळाने फाटक करकरलं आणि कासिमभाई आत आले. कोणाकडे न बघता भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, “साब, आज अदरक है कि नहीं?”

“है ना!” टोणपेजी असे काही ओरडले की मी दचकलो.

पहिला कप कासिमभाईंचा झाला. मग रामलालजींचा, बिनसाखरेचा. मग पुढचा, लवंगेचा. मधल्या वेळात बाहेर मिलच्या गप्पा सुरू झाल्या. कोणत्या जॉबरचा, म्हणजे मुकादमाचा, पाय हौदात गेला होता, लॅबसाब नवे असताना कांजीची चव घेऊन कसे बघत. बीकर घासला जात होता, स्टोव्ह परत परत पेटत होता. माझा कप सगळ्यांत शेवटी आला, तोपर्यंत ऊन अंगणातून उंबऱ्यापर्यंत आलं होतं. चौघे आणखी थोडे बसले, मग उठले. टोणपेजी त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले आणि रिकाम्या रस्त्याकडे बघत जरा वेळ तिथेच थांबले.

मी घरी आलो तर जेवण निवून गेलं होतं. कुंदा कपाळाला आठ्या घालून बसलेली. मी माझी बाजू मांडली. “मी काय करू? तो माणूस अजून एकेक कप करतो. ट्रायल गेली, ड्रम गेला, आता कशाचं स्केल नि कशाची क्वालिटी? मोठ्या पातेल्यात एकदम ठेवला असता तर दहा मिनिटांत काम झालं असतं.”

कुंदाने भात परत गॅसवर ठेवला. पाठमोरी उभी राहूनच म्हणाली, “झालं असतं. आणि दहा मिनिटांत पिऊन सगळे उठून गेले असते.”

मी ताटावर बसलो. ती वाढायला आली, तेव्हा म्हणाली, “मग उरलेल्या रविवारचं टोणपेजींनी काय करायचं हो?”